लेनॉक्सला हसा, पण आधी वाचा: नास्तिक मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

आधीच सांगून टाकतो, मी तुमच्यातलाच आहे. देव मानत नाही, प्रार्थना करत नाही, मेल्यावर काही शिल्लक उरतं असं मला वाटत नाही, आणि गणित शिकवून पोट भरतो. त्यामुळे पुढचं वाचताना कुणाला "हा पण गेला वाटतं तिकडे" असं वाटलं तर खुशाल वाटू द्या, पण पत्र पूर्ण वाचा. विषय आहे जॉन लेनॉक्स. ऑक्सफर्डचा रिटायर्ड गणिताचा प्रोफेसर, वय ऐंशीच्या पुढे, आणि कित्येक वर्षं जगभर फिरून ख्रिश्चन श्रद्धेची बाजू भर स्टेजवर मांडणारा माणूस.

त्याचं नाव निघालं की आपल्या मंडळींची उत्तरं ठरलेली असतात. आयरिश आहे, लहानपणीच डोक्यात भरवलंय. किंवा गणितवाला आहे, त्याला बायॉलॉजीतलं काय कळतंय. किंवा मग सरळ हसायचं, येशूने पाण्याची वाइन केली असं मानणारा प्रोफेसर म्हणे, की विषय संपला. पलीकडची मंडळी पण काही कमी नाहीत, त्यांना तो फक्त शिक्का म्हणून हवा असतो, "बघा, ऑक्सफर्डचा गणितज्ञसुद्धा देव मानतो", पुढे तो काय बोलला ते त्यांनीही ऐकलेलं नसतं. पण त्यांना पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहावं. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपण स्वतःला पुरावा मागणारे म्हणवतो आणि या माणसाच्या बाबतीत न वाचताच निकाल देऊन मोकळे होतो, आणि तो मात्र आपलं सगळं वाचून येतो. एवढीच तक्रार आहे माझी.

लहानपणापासून सुरुवात करू, कारण तो मुद्दा सगळ्यात जास्त फेकला जातो. लेनॉक्सचा जन्म ७ नोव्हेंबर १९४३ चा, वाढला नॉर्दर्न आयर्लंडमधल्या आर्मा गावात. हे गाव म्हणजे भारी प्रकरण आहे. आयर्लंडच्या कॅथलिक चर्चची मुख्य गादी इथे आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडची पण इथेच, दोन टेकड्यांवर दोन कॅथेड्रल आणि दोन्हींचं नाव सेंट पॅट्रिक. त्यात परत १७९० पासूनची एक वेधशाळा. आणि गंमत म्हणजे जग ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ऑक्टोबरच्या २३ तारखेला निर्माण झालं असा हिशोब मांडणारा जेम्स अशर, ज्याच्यावर आपण आजही विनोद करतो, तो सतराव्या शतकात याच आर्माचा आर्चबिशप होता. लेनॉक्सने बायबलमधल्या जग घडवण्याच्या त्या सात दिवसांवर २०११ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलंय आणि त्यात पृथ्वी खूप जुनी मानायला बायबलची काही आडकाठी नाही असं मांडलंय, म्हणजे स्वतःच्याच गावच्या आर्चबिशपला बाजूला बसवलंय. आपल्यापैकी किती जणांना हे माहितीये? त्याला सरसकट "सहा हजार वर्षंवाला" म्हणून उडवून लावणारे मी कमी ऐकलेले नाहीत.

त्याच्या वडिलांचं आर्मात मोठं दुकान होतं. स्वतः प्रोटेस्टंट, पण कामाला माणसं घेताना कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हीकडची, होता होईल तेवढी सारखी घ्यायचे. आज वाचताना यात काय विशेष असं वाटेल, पण तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठलेले, त्या वातावरणात हे म्हणजे कडव्या लोकांचा राग अंगावर ओढवून घेणं होतं. दुकानात बॉम्ब फुटला, लेनॉक्सचा भाऊ त्यात जबर जखमी झाला. वडिलांना तो विचारायचा की एवढी जोखीम कशाला घेता, तर त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलाय असं बायबल सांगतं, मग त्याची किंमत तो कुठल्या चर्चला जातो यावरून मी कशी ठरवू. त्यांचं कारण मला पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही, पण त्या कारणापायी ते जे वागले ते खोडता येत नाही ना, आणि धर्म म्हणजे नुसता रक्तपात हे सांगायला आपण जे नॉर्दर्न आयर्लंड कायम पुढे करतो तिथलंच हे घर आहे.

याच वडिलांनी पोरगा साधारण चौदा वर्षांचा असताना त्याच्या हातात काय दिलं, तर कम्युनिस्ट मॅनिफेस्टो. लेनॉक्स हा किस्सा स्वतः सांगतो, की मी विचारलं तुम्ही वाचलंय का, तर म्हणाले नाही, पण तू वाच, दुसरे लोक काय मानतात ते तुला माहीत पाहिजे. डोक्यात भरवणं ते हेच असेल तर असं भरवणारे आईबाप मला आपल्या गोटातही फार भेटलेले नाहीत, आपल्या पोरांच्या हातात बायबल देऊन "वाच, लोक काय मानतात ते कळू दे" म्हणणारा नास्तिक बाप मी तरी अजून बघायचाय.

पुढे १९६२ मध्ये तो केंब्रिजला इमॅन्युएल कॉलेजात गेला. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, देव मानतोस का, आणि लगेच जीभ चावून म्हणाला, अरे सॉरी, तू आयरिश नाही का, तुम्ही सगळेच मानता आणि त्यावरून भांडता. म्हणजे आपला पहिल्या नंबरचा आक्षेप त्याला साठ वर्षांपूर्वीच ऐकवून झालाय, आणि आपण तो आजही नवा शोध लागल्यासारखा मांडतो. त्याने त्यावर काय केलं, तर प्रश्न खरा आहे असं धरून ज्यांची मतं आपल्यापेक्षा वेगळी आहेत अशांशी मुद्दाम ओळखी वाढवायला लागला. तेच त्याने आयुष्यभर केलंय.

हाच मुद्दा २०११ मध्ये मेलबर्नच्या टाउन हॉलमध्ये पीटर सिंगरने काढला. सिंगर म्हणजे आपल्या बाजूचा अगदी वरच्या फळीतला फिलॉसॉफर. तो म्हणाला की धर्मावर माझा एक आक्षेप हाच आहे की बहुतेक माणसं ज्या श्रद्धेत वाढतात त्यातच राहतात. लेनॉक्सने शांतपणे विचारलं, पीटर, तुझे आईवडील नास्तिक होते का? आई होती, वडील बहुतेक अज्ञेयवादी, सिंगर म्हणाला. मग तू पण आईवडिलांचंच पुढे चालवतोयस की, माझ्यासारखं! सगळा हॉल हसला. आता हसण्याचा भाग सोडा, टाळ्या कुणाला पडल्या त्यावर काही ठरत नाही, पण एखादी कल्पना माणसाला कुठून मिळाली यावरून ती खरी की खोटी ते कळत नाही, हे लॉजिकच्या पहिल्या धड्यातलं आहे आणि ते आपल्याला एका श्रद्धाळू माणसाने स्टेजवर शिकवावं लागलं याची मला खरंच लाज वाटली.

केंब्रिजचे अजून दोन प्रसंग सांगतो. पहिला साधाच आहे. ख्रिश्चन श्रद्धेवर लिहिणारा, नार्नियावाला लेखक सी. एस. लुइस तेव्हा केंब्रिजला प्रोफेसर होता, नोव्हेंबर १९६३ मध्ये वारला, आणि त्याची जॉन डनच्या कवितेवरची अगदी शेवटची लेक्चर्स ऐकायला हा गणिताचे तास बुडवून जायचा. तो वर्णन करतो ते मला फार आवडतं: लुइस दारातून आत शिरतानाच बोलायला सुरुवात करायचा, जाड ओव्हरकोट, हॅट, मफलर, आणि पुढे येता येता एकेक उतरवत जायचा, शेवटाकडे परत एकेक चढवत बोलत बोलत दाराकडे जायचा आणि शेवटचं वाक्य संपायला आणि दाराबाहेर पडायला एकच गाठ. प्रश्न विचारायची सोयच नाही!

दुसरा प्रसंग आपल्याला झोंबणारा आहे. कॉलेजच्या एका डिनरला लेनॉक्स एका नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाशेजारी बसला होता. पोराने विज्ञान आणि देव यावर काही प्रश्न विचारले, त्या बड्या माणसाला ते आवडले नाहीत. जेवणानंतर त्याने पोराला आपल्या खोलीवर बोलावलं, सोबत आणखी दोन-तीन वडीलधारे प्राध्यापक, विद्यार्थी हा एकटाच. खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, सायन्समध्ये करिअर करायचंय ना? मग आज रात्री, या साक्षीदारांसमोर, देवावरची ही पोरकट श्रद्धा सोडून दे, नाहीतर बरोबरीच्यांच्या मागे पडशील. लेनॉक्सने विचारलं, त्याऐवजी तुमच्याकडे द्यायला काय आहे? तर उत्तर आलं, फ्रेंच फिलॉसॉफर बर्गसाँची क्रिएटिव्ह इव्होल्यूशन. आता बर्गसाँ त्याने लुइसच्या पुस्तकांतून आधीच ओळखीचा करून घेतला होता, त्यामुळे तो म्हणाला की एवढंच असेल तर मी आहे तिथेच बरा, आणि उठून आला. हे सगळं त्याच्याच तोंडून आलेलं आहे, समोरच्याची बाजू आपल्याला कळायला मार्ग नाही, त्या शास्त्रज्ञाचं नाव तो घेत नाही. पण समजा खोलीत बायबल घेतलेले चार बिशप असते आणि खुर्चीवर एकोणीस-वीस वर्षांचा नास्तिक पोरगा असता, तर आपण या प्रसंगावर गेली साठ वर्षं पोस्टर छापले असते की नाही, खरं सांगा.

आणि मग ईस्टर्न युरोप. कोल्ड वॉरच्या काळात हा माणूस लोखंडी पडद्यापलीकडच्या कम्युनिस्ट देशांत जाऊन येऊन होता. जर्मन चांगली येते (हुंबोल्ट फेलो, म्हणजे जर्मनीची रिसर्च स्कॉलरशिप घेऊन, वुर्झबुर्ग आणि फ्रायबुर्गला राहिलाय), रशियन पण शिकला, आणि सोव्हिएत युनियन कोसळल्यावर रशियात, युक्रेनमध्ये जाऊन तिथल्या अकॅडमी आणि युनिव्हर्सिट्यांमध्ये बोलला. ईस्ट जर्मनीतल्या एका हुशार मुलीची गोष्ट तो सांगतो, नास्तिक राजवटीशी निष्ठेची जाहीर शपथ घ्यायला नकार दिला म्हणून तिचं शिक्षण तिथेच थांबवलं. डिबेटमध्ये हे निघालं की आपलं उत्तर तयार असतं, ते स्टालिनचं होतं, आमच्या नास्तिकपणाचा त्याच्याशी काय संबंध. आणि आपण बेलफास्टचे बॉम्ब काढले की त्याचंही तयार असतं, ख्रिस्ताने तलवार म्यान करायला सांगितलं होतं, ज्यांनी बंदुका उचलल्या ते त्याचं न ऐकणारे. दोन्ही उत्तरं हुबेहूब सारखी आहेत! दोघांनीही आपापलं घाण कापड दुसऱ्याच्या दोरीवर टाकलंय. मला वाटतं इथे दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकावं की हो, हे आमच्याच नावाने झालं, पण मान्य करायची सुरुवात आपण करायला काय हरकत आहे, कारण त्याने त्या मुलीच्या घरात बसून ते बघितलंय, आपल्यातल्या बहुतेकांनी ते पुस्तकात सुद्धा वाचलेलं नाही.

बरं, आता गणित. तो खरा गणितज्ञ आहे का असं विचारणारे पण भेटतात म्हणून सांगतो. ग्रुप थिअरी, म्हणजे बीजगणिताची एक शाखा, हा त्याचा विषय. केंब्रिजची पीएचडी, बरीच वर्षं वेल्समध्ये कार्डिफला, सत्तरच्या वर पेपर, आणि दोन जाडजूड रिसर्च पुस्तकं, एक १९८७ चं स्टोनह्यूअरबरोबर सबनॉर्मल सबग्रुप्सवर, दुसरं २००४ चं रॉबिन्सनबरोबर इनफिनिट सोल्युबल ग्रुप्सवर. ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी थोडं: मोठ्या ग्रुपच्या पोटात एक छोटा ग्रुप असतो, तो थेट नॉर्मल (म्हणजे एका ठरावीक अर्थाने मोठ्या ग्रुपमध्ये नीट बसणारा) नसला तरी मोजक्या पायऱ्यांनी वर जाता येतं, प्रत्येक पायरी पुढचीत नॉर्मल, तेव्हा त्याला सबनॉर्मल म्हणतात. असे दोन घेऊन त्यांनी मिळून तयार होणारा ग्रुप पण सबनॉर्मल असतो का? फायनाइट ग्रुपमध्ये असतो, वीलांटने १९३९ मध्येच दाखवलं. इनफिनिटमध्ये मात्र दर वेळी नाही, आणि नेमका कधी असतो हे शोधण्यात यांची उमेदीची वर्षं गेली. सुंदर गणित आहे. यात देव कुठेही नाही, आहे असं त्याने कधी म्हटलेलं माझ्या वाचण्यात नाही. त्यामुळे "गणिताने देव सिद्ध केला" ही त्याच्या भक्तांची फुशारकी आणि "गणिताचा देवाशी काय संबंध" हा आपला टोमणा, दोन्ही त्याला लागूच पडत नाहीत.

हा शिक्का मारण्याचा प्रकार जुना आहे म्हणा. अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर, त्याची गोष्ट ऐकली असेल, रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारात त्याने नास्तिक फ्रेंच लेखक दिदरोला काहीतरी भलतंच समीकरण ऐकवलं, "म्हणून देव आहे, द्या उत्तर" म्हणाला आणि दिदरो गणित येत नसल्याने गप्प होऊन पॅरिसला पळाला. एकोणिसाव्या शतकात डी मॉर्गन या गणितज्ञाने ही गोष्ट रंगवून पसरवली. थाप आहे. दिदरोला गणित उत्तम येत होतं, १७४८ मध्ये त्याने गणितावर लेख छापलेत. ऑयलर श्रद्धाळू होता हे खरं, १७४७ मध्ये त्याने नास्तिकांविरुद्ध ख्रिश्चन धर्माची बाजू घेणारं पुस्तक पण लिहिलंय, पण ते कोण वाचतो, गोष्टच सगळ्यांना पाठ. पास्कल श्रद्धाळू, कोशी कट्टर कॅथलिक, आणि तिकडे हार्डी आणि रसेल देव न मानणारे, या याद्या मोजून काय हाती लागतं ते मला आजवर कळलेलं नाही.

मग त्याचं म्हणणं आहे तरी काय? मुख्य म्हणजे दोन प्रकारची उत्तरं असतात हे. फोर्डची गाडी कशी चालते, तर इंजिनमधल्या ज्वलनाने. गाडी का आहे, तर हेन्री फोर्डने बनवली. इंजिन समजलं म्हणून फोर्ड रद्द होत नाही, आणि न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा नियम सापडला तेव्हा "चला, आता देवाची गरज नाही" असं तो म्हणाला नाही, उलट देवाबद्दलचा त्याचा आदर वाढला. हॉकिंगने २०१० च्या द ग्रँड डिझाइनमध्ये लिहिलं की गुरुत्वाकर्षणासारखा नियम असल्यामुळे विश्व शून्यातून स्वतःला निर्माण करू शकतं आणि करेल. लेनॉक्सने पुढच्याच वर्षी उत्तर छापलं: नियम आहे म्हणताय मग शून्य कुठलं? स्वतःला निर्माण करायला आधी स्वतः असायला नको? आणि नियम काही निर्माण करतो का, न्यूटनच्या नियमांनी आजवर एक तरी बिलियर्डचा चेंडू टेबलावर आणून ठेवलाय का? आणि वर, पुस्तकाच्या सुरुवातीलाच फिलॉसॉफी मेली म्हणून जाहीर करायचं आणि मग पुढे फिलॉसॉफीच करत बसायची. हॉकिंगबद्दल कितीही आदर असला तरी या ठिकाणी लेनॉक्स बरोबर आहे हो. ते वाक्यच कच्चं आहे. हॉकिंग आपला म्हणून त्याचं कच्चं वाक्य आपण खपवून घ्यायचं का?

पण फोर्डचं उदाहरण मला कुठे अडतं ते पण ऐका, कारण नुसती स्तुती करायला मी बसलेलो नाही. फोर्ड होता हे आपल्याला गाडीवरून कळलेलं नाही. त्याचे फोटो आहेत, कारखाना आहे, पगारपत्रकं आहेत, गाड्या माणसं बनवतात हे आपण आधीपासून बघत आलोय, म्हणून गाडी दिसली की बनवणारा आठवतो. विश्वं बनवणारे असे आपण किती बघितलेत? उदाहरण एवढंच दाखवतं की इंजिनाची माहिती आणि फोर्ड एकत्र नांदू शकतात. फोर्ड होताच, हे त्यातून येत नाही. लेनॉक्सला हे कळत नसेल असं नाही, पण स्टेजवर उदाहरण एवढं गुळगुळीत वाजतं की ऐकणारा पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी घसरला ते त्यालाच समजत नाही. आणि इव्होल्यूशनवर, जिवाच्या उगमावर तो लिहितो तेव्हा माझा विश्वास आणखी कमी होतो. एकीकडे विज्ञानाला न कळलेल्या गोष्टींची गॅप भरायला मी देव वापरत नाही म्हणतो आणि दुसरीकडे डीएनएमधली माहिती आली कुठून ते तुम्हाला सांगता येत नाही म्हणून मागे बुद्धी असणार असं सुचवतो. बायॉलॉजीवाल्यांनी याबद्दल त्याला झोडपलंय ते रास्तच. तर "त्याला बायॉलॉजी काय कळते" या टोमण्यात थोडं तथ्य आहे, फक्त तो टोमणा असं पानावर बोट ठेवून मारायचा असतो, हवेत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ऑक्टोबर २००७, अमेरिकेत अलाबामातलं बर्मिंगहॅम, आपला नास्तिक बायॉलॉजिस्ट रिचर्ड डॉकिन्स विरुद्ध लेनॉक्स. शेवटी लेनॉक्सने येशूच्या पुनरुत्थानावर आणून सोडलं, की माझ्या श्रद्धेचा पाया तो आहे. आणि डॉकिन्स काय म्हणाला, तर झालं, आलं सगळं येशूच्या पुनरुत्थानावर, किती क्षुल्लक, किती एका गावापुरतं, विश्वाच्या भव्यतेला किती न शोभणारं. पण हे उत्तर झालं का? एखादी घटना लहान गावात घडली म्हणून ती घडली नाही असं ठरतं का? लेनॉक्सने तिथे मान पुढे केली होती, बाबांनो! तो म्हणतो की माझा दावा इतिहासातला आहे, तपासा. विश्वामागे कुठलीतरी बुद्धी वगैरे धूसर बोलणाऱ्याला पकडता येत नाही, पण हा तारखेचा, गावाचा, साक्षीदारांचा दावा करतो, आणि आपण तिथेच नाक मुरडून निघून जातो. पुढच्या वर्षी, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये परत दोघं भेटले, १८६० मध्ये डार्विनच्या सिद्धांतावरून हक्सली आणि बिशप विल्बरफोर्सची गाजलेली खडाजंगी झाली तीच इमारत, आणि तिथे डॉकिन्सने निदान एवढं म्हटलं की विश्व सुरू करून बाजूला होणाऱ्या देवाची बाजू बऱ्यापैकी मांडता येईल, मी ती स्वीकारत नाही पण मांडता येईल. तो देव आणि कबरीतून उठणारा येशू यात किती अंतर आहे, हे खरं तर तिथेच धरून बसायला पाहिजे होतं.

चमत्काराबद्दल लेनॉक्स एक हिशोब सांगतो, मूळ कल्पना लुइसची. ड्रॉवरमध्ये एका रात्री शंभर पाउंड ठेवले, दुसऱ्या रात्री आणखी शंभर, सकाळी उघडला तर पन्नास. काय मोडलं, गणिताचे नियम की इंग्लंडचे कायदे? कुणीतरी बाहेरून हात घातला एवढंच, आणि ते कळलं ते पण शंभर अधिक शंभर दोनशे हे पक्कं माहीत आहे म्हणून. छान आहे. निसर्गनियमांमुळे चमत्कार अशक्य ठरतो हा अठराव्या शतकातला फिलॉसॉफर ह्यूम याच्या नावावर चालणारा ढोबळ युक्तिवाद याने खरंच ढिला पडतो. पण चोर असतात हे आपल्याला माहिती आहे! मुद्दा शक्य-अशक्यचा नाहीच, शक्यता किती याचा आहे, आणि हा प्रश्न गणितवाल्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीच उचललाय. पुरावा मिळाला की शक्यता किती बदलायची याचा फॉर्म्युला ज्याच्या नावाने आहे तो थॉमस बेझ स्वतः पाद्री होता. तो वारल्यावर त्याचा निबंध १७६३ मध्ये रिचर्ड प्राइसने छापून आणला, तो पण पाद्रीच, आणि १७६७ मध्ये प्राइसने तेच गणित ह्यूमच्या विरोधात वापरलं. त्याचा मुद्दा साधारण असा: लॉटरीत अमुकच नंबर लागायची शक्यता जवळजवळ नसतेच, तरी पेपरात छापून आलं की आपण विश्वास ठेवतो, म्हणजे घटना दुर्मिळ आहे एवढ्यावरून साक्ष फेकून देता येत नाही. हुशार आहे की नाही? आणि याचं उत्तरही देता येतं: लॉटरीत कुठला ना कुठला नंबर लागणारच असतो, मेलेल्यांपैकी कुणी ना कुणी उठणारच असतं असं नाही. मग साक्ष बघा. सगळ्यात जुनं शुभवर्तमान (म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र) मार्कचं, बहुतेक अभ्यासक ते घटनेनंतर साधारण चाळीस वर्षांनी लिहिलं गेलं असं मानतात, आणि त्याच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत गोष्ट संपते ती कबरीपासून घाबरून पळालेल्या आणि कुणालाच काही न सांगितलेल्या बायकांवर. उठलेला येशू कुणाला भेटलेला त्यात दिसतच नाही. पॉल या सुरुवातीच्या ख्रिश्चन प्रचारकाचं करिंथकरांना पहिलं पत्र त्याच्याही आधीचं, त्यात साक्षीदारांची यादी आहे, पण रिकामी कबर पाहिलेल्या बायका त्यात नाहीत. उलट बाजूने लेनॉक्स म्हणेल की त्या काळात बायकांच्या साक्षीला किंमत नव्हती, मग गोष्ट रचायचीच असती तर पहिल्या साक्षीदार बायका कोण करेल, आणि भेदरलेले शिष्य अचानक जिवावर उदार कसे झाले. या प्रश्नांना उत्तर द्यायला बसावं लागतं, "किती क्षुल्लक" म्हणून ते जात नाहीत. मला वाटतं उत्तरं आहेत आणि आपली बाजू वरचढ ठरते, पण हे मी वाचून म्हणतोय.

लेनॉक्स हे सगळं पैशासाठी करतो या आरोपावर काही बोलत नाही, डॉकिन्सची पुस्तकं काय फुकट वाटली जातात का.

तर मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी त्याच्यावर किंवा त्याच्यासारख्या कुणावर बोलायला उभे राहणार असाल तर २००७ आणि २००८ च्या दोन्ही डिबेट सलग बघा, तुकडे नको, आणि हॉकिंगला दिलेलं त्याचं उत्तर वाचा, शंभरेक पानांचं तर आहे. मग फोर्डच्या उदाहरणावर बोला, डीएनएवर बोला, मार्कच्या शेवटावर बोला. आणि ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी बेझचा फॉर्म्युला घेऊन पुनरुत्थानाचा हिशोब मांडून दाखवा, सुरुवातीची शक्यता किती धरली आणि का धरली हे पहिल्या ओळीत लिहून. ती ओळ न लिहिता मांडलेला हिशोब मी तपासणार नाही, तो आस्तिकाचा असो की आपला.

तुमचाच,
एक नास्तिक गणितवाला